गाडगेबाबा, कुंताबाई आणि आमची महिला सभा

मैत्रिणींनो, डिसेंबर महिना लागला की आमच्या शहादा तालुक्यात नुसती धांदल असते. ऊसतोड जोरात असते, कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत आणि घराघरांत सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेला कधी जायचं याची बोलणी चालू असतात. या सगळ्या गडबडीत २० तारखेला ग्रामपंचायतीत गाडगेबाबांच्या फोटोला हार घातला जातो. सरपंच, दोन-तीन सदस्य आणि शिपाई हजर असतात. नारळ फुटतो, चहा होतो आणि मंडळी पांगतात. आम्हा बायकांना त्याचा पत्ताही नसतो.

मलाही नव्हता. पण काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीला शाळेत गाडगेबाबांवर भाषण करायचं होतं. पाचवीतली पोर, तिला काय माहिती असणार? मग मीच वाचनालयातून दोन पुस्तकं आणली आणि रात्री स्वयंपाक आटोपल्यावर वाचायला बसले. आपल्याला काय, खराटा आणि चिंध्यांचा अंगरखा एवढेच गाडगेबाबा ठाऊक. पुस्तकातले बाबा निराळेच निघाले.

त्यांचं पाळण्यातलं नाव डेबू. डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट समाजाच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घरची थोडीफार शेती होती, पण वडिलांना दारूचं व्यसन लागलं आणि सगळं हातचं गेलं. डेबू आठ वर्षांचा असताना वडील गेले. पदरात लेकरू आणि घरात काही नाही, अशी सखुबाई माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. दारूपायी घर कसं बसतं हे आपल्या भागातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. गल्लीत एक तरी सखुबाई असतेच.

मामाच्या घरी डेबू गुरं राखू लागला. शाळेचं तोंड त्याला बघायला मिळालं नाही. पुढे तो नांगर धरू लागला. अंगानं दणकट, कामाला वाघ. पहाटे उठून गोठा झाडायचा, दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री भजनात बसायचं, असा त्याचा दिनक्रम. मामाची शेती चांगली पिकू लागली. पण मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकारानं पुढे केलेल्या कागदावर काय लिहिलंय ते कळलं नाही, विश्वासानं अंगठा उठवला गेला आणि चांगली जमीन सावकाराच्या घशात गेली. मामानं त्या धक्क्यानं हाय खाल्ली. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा तरुण डेबूजी आऊत सोडायला तयार झाला नाही. त्यानं त्यांना सरळ परतवून लावलं. गावात तोवर सावकारापुढे मान वर करायची कोणाची हिंमत नव्हती.

हे वाचताना मी थांबले. कारण त्याच दिवशी सकाळी आमच्याकडे पंचायतीचा शिपाई येऊन गेला होता. मी चुलीवर कळण्याच्या भाकरी टाकत होते. हात पिठाचे. त्यानं नोंदवही पुढे केली आणि वहिनी, सही करून टाका, म्हणाला. कसली म्हणून विचारलं, तर महिला सभेची. सभा कधी झाली? तो हसला. दर वेळी अशीच होते म्हणाला. मी हात पुसले आणि सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. मी बारावी शिकलेली बाई! मामा निदान अडाणी होता. मला रात्री झोप लागेना.

पुस्तक मात्र पुढे वाचत गेले. १८९२ साली डेबूजींचं लग्न झालं. बायकोचं नाव कुंताबाई. पहिल्या मुलीच्या बारशाची गोष्ट मला फार आवडली. त्या काळी बारसं म्हणजे मटण आणि दारू हवीच, नाहीतर भाऊबंद रुसायचे. डेबूजींनी पंगतीत बुंदीचे लाडू वाढले. लोक चिडले, टोमणे मारले. हा पठ्ठ्या काही बधला नाही. दारूनं बाप गेलेला, तिला आपल्या लेकीच्या बारशात जागा द्यायची नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आधी स्वतःच्या घरी करून दाखवायचं आणि मग गावाला सांगायचं, ही त्यांची पद्धत इथूनच सुरू झाली.

आणि मग आला १ फेब्रुवारी १९०५ चा दिवस. पहाटे घरचे झोपेत असताना डेबूजी घराबाहेर पडले. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि फुटक्या मडक्याचं गाडगं. मागे आई, बायको आणि लहान लेकरं. वय होतं अठ्ठावीस.

खरं सांगू? इथे मला बाबांचा राग आला. पुरुषाला घर सोडता येतं. जगाची चिंता वाहायला तो मोकळा होतो. चूल, म्हातारी सासू आणि पोरं बाईच्या गळ्यात! पुस्तकांमध्ये बाबांच्या गृहत्यागावर पानंच्या पानं आहेत, कुंताबाईंवर चार ओळी. त्या दिवशी सकाळी उठल्यावर तिनं काय केलं असेल, कुणाला विचारलं असेल, हे कुठेच नाही. तिनं कष्ट उपसून मुलं वाढवली, एवढंच कळतं.

बाबा सुमारे बारा वर्षं नुसते हिंडत राहिले. कुठे कुणी गोधडेबाबा म्हणे, कुठे चिंधेबुवा. डोक्यावर गाडग्याचं खापर, तेच जेवायचं ताट. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. गावात शिरले की कुणाला काही न विचारता खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलेलं असेल तर ते मोकळं करायचे. वेड्यासारखा दिसणारा हा माणूस करतोय तरी काय म्हणून पोरं जमायची, मग मोठी माणसं यायची. कुणाला लाज वाटायची, ती हातात झाडू घ्यायची. अशी दुपारपर्यंत निम्मं गाव झाडायला उतरायचं. काम केल्याशिवाय बाबा भाकरी घेत नसत. कुणी पाया पडायला वाकलं तर काठी उगारत.

संध्याकाळी कीर्तन. दिवसा गावातली घाण काढायची आणि रात्री कीर्तनातून डोक्यातली. कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरंच असायची. साध्या वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. कर्ज काढून लग्न करू नका, देवाला कोंबडं-बकरं कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, हे त्यांचे विषय. सगळ्यांत जास्त जोर शिक्षणावर. घरातली भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला असं ते सांगत. लुगड्याचं मला थोडं टोचलं, काटकसर इथेही बाईच्याच वाट्याला! पण मामाचा अंगठा आठवला की त्यांची तळमळ समजते. वाचता येत नाही म्हणून घरावर काय वेळ येते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

यात्रांना ते आवर्जून जात. देवदर्शनाला नाही, तर माणसं जिथे गोळा होतात तिथे घाण होते म्हणून. पंढरपूरला आयुष्यभर गेले, पण त्यांचं काम रस्त्यावर आणि वाळवंटात असायचं. आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तापीकाठी लाखो माणसं येतात. चौथ्या दिवशी तिथली अवस्था काय होते ते आपण बघतोच. बायकांसाठी आडोसा शोधताना जी फजिती होते ती निराळीच. अशा जागी बाबांनी दर्शनाच्या रांगेकडे पाहिलं नसतं. ते थेट त्या उकिरड्याकडे गेले असते.

लोक त्यांना पैसे द्यायला लागले. लाखांनी पैसा आला. त्या पैशातून त्यांनी काय केलं? ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली, कारण दलित वारकऱ्यांना कुठे उतरायला जागा मिळत नसे. पुढे ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ आजाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. गावाकडून पेशंट घेऊन मोठ्या शहरात गेलेल्या बाईला रात्री पाठ टेकायला जागा मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांनाच कळेल. गोरक्षण, अंध-अपंगांसाठी अन्न, आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा... यादी मोठी आहे. देऊळ बांधण्यापेक्षा माणसाची सोय करण्यावर त्यांचा भर होता.

आणि यातला एक पैसाही घरी गेला नाही. या संस्थांवर आपल्या नातेवाइकांचा काही हक्क नाही हे त्यांनी पक्कं करून ठेवलं होतं. बाबांच्या नावावर इमारती उभ्या राहत होत्या, पण कुंताबाई स्वतःच्या कष्टावर जगत होती. १९२३ साली तरुण मुलगा गोविंदा गेला. कुत्रं चावल्याचं निमित्त झालं. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन चालू असताना निरोप आला. त्यांनी तो ऐकला आणि कीर्तन पुरं केलं. लोक या प्रसंगाला वैराग्य म्हणतात. असेल. पण त्याच वेळी त्या आईपाशी कोण होतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

हे मी बाबांना कमी लेखायला लिहीत नाही. उलट, आज पंचायतीत कुणी पाच वर्षं काढली की दारात काय काय येतं ते आपण बघतो. त्यापुढे हा माणूस डोंगराएवढा वाटतो. पण त्या डोंगराखाली कुंताबाईचेही कष्ट आहेत. फोटोला हार घालताना त्यातलं एक फूल तिच्या नावानं वाहायला काय हरकत आहे?

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. ते शेवटचं ठरलं. पुढे तब्येत ढासळत गेली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेल्याची बातमी आली आणि त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचे प्राण गेले. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेला माणूस रस्त्यावरच गेला. अमरावतीच्या गाडगेनगरमध्ये त्यांची समाधी आहे.

मुलीचं भाषण झालं, तिला वही-पेन बक्षीस मिळालं. मी मात्र त्या पुस्तकांतून बाहेर येईना. कारण बाबांचं नाव आपल्या गावांत पुन्हा गाजलं ते २००० साली. राज्य सरकारनं संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी नवी सून. आमच्या गावानंही भाग घेतला. काय ते दिवस होते! बाया-पुरुष एकत्र रस्ते झाडत, घरांना रंग देत, भिंतींवर घोषणा लिहीत. शोषखड्डे खणले गेले. दारापुढे रांगोळ्या काढून आम्ही तपासणी समितीची वाट पाहिली. समिती आली, कौतुक करून गेली. पंधरा दिवसांत गटारं पुन्हा होती तशी झाली.

पुढे २०१४ साली स्वच्छ भारत मिशन आलं. शौचालयाला १२ हजार रुपयांचं अनुदान मिळालं. गल्लीत संडास उभे राहिले. पण पाणी? नळाला चार दिवसांनी एकदा पाणी यायचं, तेही अर्धा तास. दोन हंडे पिण्याला पुरत नव्हते, तिथे संडासाला बादली कुठून आणायची? मग कुणी त्यात सरपण भरलं, कुणी गोवऱ्या रचल्या. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर याहून कठीण. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या माझ्या बहिणी उन्हाळ्यात झिऱ्यावर वाटीनं पाणी भरतात. त्यांना स्वच्छतेची घोषणा वाचून दाखवणं म्हणजे थट्टाच की!

चूक कुठे झाली? मला वाटतं, आम्ही बाबांचा खराटा घेतला आणि त्यांची प्रश्न विचारायची सवय तशीच सोडून दिली. बाबा काही कुठल्या गावाचे झाडूवाले नव्हते. ते एक दिवस झाडून पुढच्या गावाला जायचे. दुसऱ्या दिवशी कुणी झाडायचं हे त्या गावानं ठरवायचं असे. आम्ही ते ठरवलंच नाही. हापशाजवळचं डबकं कोण काढणार, पाणीपट्टी किती जमते, मोटार दुरुस्तीला किती लागतात, हे आम्ही बायकांनी कधी विचारलं नाही. पाणी मात्र आम्हीच भरायचं.

मग मी माहिती काढली. आमच्या गावच्या एका निवृत्त बाईंनी समजावून सांगितलं. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायला हवी आणि तिथे झालेले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायला हवेत. हे कायद्यात आहे. ग्रामसभेला गावातले शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. म्हणजे आमच्या नुसत्या सह्यांनाही किंमत होती. आम्ही त्या फुकट वाटत होतो.

पुढच्या जानेवारीत शिपाईभाऊ नोंदवही घेऊन आले. मी हात पुसले, वही घेतली आणि ओसरीवर बसून सगळी वाचली. ज्या सभेत आम्ही बसलोच नव्हतो, तिथे पाणीपुरवठा समाधानकारक असल्याचं लिहिलं होतं! मी वही परत दिली. सभा घ्या, मग सही करते, एवढंच सांगितलं. आवाज कापत होता, खोटं कशाला बोलू. घरच्यांनी संध्याकाळी विचारलंच, उगाच वैर कशाला घेतेस म्हणून. सासूबाईंनी मात्र मला पाठीशी घातलं. त्यांनी तीस वर्षं विहिरीचं पाणी शेंदलं होतं.

शेजारच्या दोघींनीही सही केली नाही. मग चौघींनी. शेवटी सभा लागली. पंचायतीच्या सतरंजीवर आम्ही अठरा जणी बसलो. पहिली दहा मिनिटं कुणी बोलेना. मग एका म्हातारीनं हापशाजवळच्या डबक्याचा विषय काढला आणि बांधच फुटला. पाणी, दिवाबत्ती, अंगणवाडीचं गळकं छत, गावठी दारूचा अड्डा... ग्रामसेवकांना लिहिता लिहिता पुरेवाट झाली.

सगळं सुटलं का? नाही. नळाला आता दिवसाआड पाणी येतं, रोज नाही. डबक्याच्या जागी पक्की मोरी झाली. गल्लीच्या टोकाला दिवा लागला. निम्म्या संडासांतून सरपण निघालं. दारूचा अड्डा दोनदा बंद झाला आणि दोनदा सुरू झाला. पण आता महिला सभा होते आणि वही आमच्यासमोर वाचून दाखवली जाते. ग्रामसेवकांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं ठरलंय. नाव काही असो, आम्ही त्यांना वही वाचायला लावतो.

मैत्रिणींनो, घर सोडून जाणं आपल्याला जमणारं नाही आणि जाऊही नये. कुंताबाईसारखं मुकाट राबणंही आता नको. चूल पेटती ठेवून तासभर पंचायतीत जाऊन बसता येतं. येत्या २० तारखेला फोटोला हार घालायला आपल्या गावच्या पंचायतीत जरूर जा. चहा घ्या. आणि निघताना महिला सभेची नोंदवही तेवढी मागून वाचा. आपल्या नावापुढे कोणी सही केलीय ते बघा.